सहकाऱ्यांची भाषा वेगळी असेल तेव्हा काम कसे सांभाळावे

नागपुरात कामाच्या ठिकाणी भाषेची अडचण चटकन दिसत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरातील मराठी माणूस समोरच्याचे पहिले वाक्य ऐकताच हिंदीवर येतो, त्यामुळे कोणाला काही कळले नसेल अशी शंकाच सहसा कोणाच्या मनात येत नाही. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे लोहमार्ग येथे एकमेकांना छेदतात. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत किंवा मिहानमधील कार्यालयांत छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, बंगाली बोलणारी माणसे भेटणे त्यामुळे नवलाचे नाही. यांतील एखाद्याची हिंदी बाजारात भाव करण्यापुरती उत्तम असेल, पण तेवढ्या हिंदीच्या बळावर यंत्र बंद करण्याचा क्रम किंवा रजेचा नियम त्याला नीट समजेलच असे नाही.

म्हणून नवा सहकारी आला की ‘हिंदी येते ना?’ असे विचारू नये, कारण नोकरीच्या पहिल्या दिवशी या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याचे धाडस कोण करील? सूचना कोणत्या भाषेत ऐकणे सोपे जाते, वाचता कोणत्या लिपीत येते आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेला निरोप बरा की आवाजातला, हे वेगवेगळे विचारावे. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने आपण एक गोष्ट हमखास विसरतो: तेलुगू किंवा ओडिया माध्यमात शिकलेला माणूस अस्खलित हिंदी बोलत असूनही देवनागरी फलकासमोर निरक्षरासारखा उभा राहू शकतो.

सर्वांत जास्त घोटाळे आकडे, वेळ आणि तारीख यांत होतात, आणि ते टाळणे सर्वांत सोपेही आहे. मराठी-हिंदीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, तर तेलुगूत वीस आधी आणि पाच नंतर. घाईत ऐकणाऱ्याने 25 चे 52 केले तर दोष त्याच्या लक्षाचा नसतो. त्यामुळे मापे, नगसंख्या आणि गाडीचे क्रमांक तोंडी सांगितले तरी अंकांत लिहूनही द्यावेत. ‘पावणेदोनला या’ यापेक्षा 1:45 लिहिलेले बरे. हिंदीतला ‘कल’ मागचाही असतो आणि पुढचाही, म्हणून पाळी बदलताना वार आणि तारीख दोन्ही सांगावीत.

सूचना देऊन झाल्यावर ‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर सगळीकडे होकारार्थीच मिळते. त्याऐवजी ‘माझ्याकडून काही सांगायचे राहिले का ते पाहू, आधी काय कराल ते एकदा सांगा’ असे म्हणावे. चूक झालीच असेल तर ती सांगणाऱ्याची, असा सूर राहिला की समोरचा मोकळेपणाने बोलतो आणि ही विचारपूस परीक्षेसारखी वाटत नाही. दक्षिणेकडील सहकारी मान बाजूला डोलवतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा होकार असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र सौजन्यावर विसंबून चालत नाही. कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, अशी तरतूद 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 108 मध्ये होती. पण बहुसंख्यांत न बसणारे दोघे-चौघेही त्याच यंत्रांवर उभे असतात. थांबण्यासाठी सर्वांनी मिळून एकच छोटा शब्द आणि हाताची एकच खूण ठरवावी, आणि यंत्रांच्या आवाजात ती खूण दुरून दिसते का, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

बैठकीत मराठी मंडळी आपसांत मराठीवर घसरतात, ते स्वाभाविकच आहे. तशी बंदी घालणे मला पटत नाही. मात्र विषय कामाचा असेल आणि मराठी न समजणारा तेथे बसला असेल, तर काय ठरले ते लगेच त्याला कळेल अशा भाषेत सांगावे. डबा खाताना हा नियम नको. पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याला ‘तो येऊन राहिला’ किंवा ‘काऊन’ ऐकून हसू आले तर येऊ द्यावे, पण वऱ्हाडी बोलणाऱ्याची मराठी सुधारण्याचे काम त्याने अंगावर घेऊ नये.

गूगल ट्रान्सलेट किंवा केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली भाषिणी ही साधने रोजच्या निरोपांना पुरतात. भाषांतर उलट मराठीत करून पाहिले की मोठी चूक बहुधा पकडता येते. पगार, करार किंवा शिस्तभंगाच्या कागदांसाठी मात्र माणूसच हवा. दोन्ही भाषा जाणणारा एखादा सहकारी फुकटचा दुभाषी होऊन बसतो. तो वेळ त्याच्या कामात धरावा. तक्रारीच्या सुनावणीत ठेकेदाराचा माणूस दुभाषी म्हणून कधीही बसवू नये. तक्रारदाराने निवडलेली व्यक्ती घ्यावी, जबाब त्याच्याच भाषेत लिहून त्याला वाचून दाखवावा आणि मगच सही घ्यावी.