आमेनहोतेप नेमका कोणता? गावाकडच्या रीतीनं ओळखा

आमच्या गावात गजानन नावाचे पाचेक जण तरी आहेत, शेगाव जवळ म्हटल्यावर असणारच. तलाठी बापाचं नाव विचारतो, पारावर 'गिरणीवाला का शाळेजवळचा' असं विचारतात. हीच रीत जुन्या इजिप्तमधल्या आमेनहोतेप नावाच्या राजांना अन् माणसांना लावा. अभ्यासिकेतले पोट्टे इथंच गडबडतात म्हणून लिहून राहिलो.

आधी चित्रलिपीतलं नाव डोळ्यात बसवा. बोरूचं पान, सोंगट्यांचा पट, पाण्याची नागमोडी रेघ, झालं आमेन म्हणजे अमुन देव, अन् पुढं चटईवर ठेवलेली भाकर दिसते तो होतेप. अर्थ, अमुन संतुष्ट आहे.

मग नावाभोवती लांबट कडं आहे का पाहा. असलं तर राजा. पण पहिला-दुसरा हे आकडे आताच्या इतिहासकारांनी लावलेत, कोरीव लेखात ते सापडणार नाहीत, म्हणून शेजारचं दुसरं कडं वाचा, ज्याच्यावर गवताची काडी अन् मधमाशी असते, त्यात राज्यावर बसतानाचं नाव असतं. जेसेरकारे असलं तर पहिला, ज्याला कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या देइर एल-मदिना गावात देव मानायचे अन् मिरवणुकीत त्याच्या मूर्तीला कौल लावायचे. आखेपेरूरे म्हणजे दुसरा, त्याची ममी 1898 मध्ये त्याच्याच कबरीत सापडली. नेबमाअतरे म्हणजे तिसरा, राणी तियेचा नवरा, मेमननचे दोन अजस्र पुतळे याचेच.

चौथा सगळ्यात जास्त घोळात टाकतो. यानं राज्याच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास नावच बदललं, आखेनातेन झाला, अन् अमुनचं नाव जागोजागी छिन्नीनं खोडायला लावलं, बापाच्या नावातलं पण! म्हणून 'आमेन'च्या जागी खरवडलेला दगड दिसला तर घाबरू नका, दुसरं कडं वाचा, नेबमाअतरे असलं तर तो तिसराच.

कडं नसलं तर बापाचं नाव नाहीतर हुद्दा शोधा. हापूचा आमेनहोतेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, अथ्रिबिस गावचा साधा लेखनिक, पण तिसऱ्याची मोठमोठी बांधकामं यानं सांभाळली. पुतळ्यात मांडी घालून बसलेला, मांडीवर पपायरसचा कागद, पोटाला वळ्या. पुढं लोक बरं वाटावं म्हणून त्याला नवस बोलू लागले. राजा तुतनखामुनच्या काळात कुशचा, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या मुलखाचा, कारभार पाहणाऱ्या आमेनहोतेपला सगळे हुय म्हणत, तिथं टोपणनावानं शोधा.

अन् कर्नाकच्या अमुन मंदिराचा मुख्य पुजारी आमेनहोतेप, यानं भिंतीवर स्वतःला राजा रामसेस नववा याच्याएवढंच उंच कोरून घेतलं. तिथं उंची पाहून फसू नका, कडं कोणाच्या नावाभोवती आहे तेवढं पाहा.