किडनीची धमनी अरुंद झाल्यामुळे बीपी वाढलंय? उपचारात या चुका टाळा

डॉपलरच्या, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ‘रीनल आर्टरी स्टेनोसिस’ (किडनीची धमनी अरुंद होणं) असं छापून आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) कधी टाकायचा? हृदयाच्या ब्लॉकमुळे आपल्याला तशी सवयच लागली आहे. किडनीच्या धमनीचं गणित मात्र तेवढं सरळ नाही.

धमनी आकसली की त्या किडनीला रक्त कमी दाबाने मिळतं. शरीराचाच दाब उतरलाय असं समजून ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ आणि पाणी अंगात साठतं आणि बीपी चढतं. अमेरिकन संशोधक हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून हे दाखवून दिलं होतं. मग चिमटा काढला की बीपी उतरायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण साठीतल्या, वर्षानुवर्षं तंबाखू खाल्लेल्या, मधुमेह असलेल्या माणसात धमनीत चरबीचा थर साचलेला असतो, किडनीची आतली बारीक जाळीही खराब झालेली असते आणि बीपीला इतर कारणंही जोडीला असतात. अ‍ॅस्ट्रल (२००९) आणि कोरल (२०१४) या दोन मोठ्या चाचण्यांत अशाच रुग्णांमध्ये नुसती औषधं आणि औषधं अधिक स्टेंट यांची तुलना झाली. स्टेंटमुळे किडनी वाचवण्यात किंवा हृदयविकार टाळण्यात विशेष फरक पडला नाही.

म्हणजे स्टेंट कधीच नको, असंही नाही. छातीत अचानक पाणी भरून पुन्हा पुन्हा दम लागत असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन-चार औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही बीपी हटत नसेल किंवा दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असून किडनीचं काम झपाट्याने घसरत असेल, तर विचार व्हायलाच हवा. ‘सत्तर टक्के ब्लॉक आहे’ एवढंच कारण सांगितलं जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तरुण रुग्णाला म्हाताऱ्यांचं माप लावणं

तिशीतल्या बाईचं बीपी १८०/११० निघालं की ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून पाठवून देतात. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. या वयात किडनीची धमनी अरुंद असेल, तर त्यामागे चरबीचा थर क्वचित असतो. बहुधा धमनीच्या भिंतीचीच रचना बिघडलेली असते, म्हणजे फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया, किंवा भारतात बऱ्यापैकी आढळणारा ताकायासू आजार असतो. पहिल्यात नुसत्या फुग्याने धमनी रुंद करून बीपी पुष्कळ उतरू शकतं, स्टेंट सहसा लागत नाही. ताकायासूत धमनीला सूज असते. ती औषधांनी शांत न करता घाईने फुगा फुगवला, तर धमनी पुन्हा आकसण्याची भीती जास्त.

ताकायासूत आणखी एक फसगत होते. हाताची धमनीही अरुंद असेल, तर त्या हातावर बीपी खोटं कमी दिसतं. म्हणून निदान पहिल्या भेटीत तरी दोन्ही हातांवर मोजून घ्या. फरक आला तर जास्त आकडा धरायचा आणि पुढेही त्याच हातावर मोजायचं. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील, तर पायावर मोजावं लागतं.

गोळी सुरू झाली, रक्ततपासणी राहिली

रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधं नेमकी रेनिनच्या साखळीवर काम करतात, म्हणून या आजारात ती फार उपयोगी. पण अरुंद धमनीमागची किडनी त्याच साखळीच्या जोरावर रक्त गाळत असते. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की हे वाढतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. बीपी १३० पर्यंत उतरलं, की लोक खूश होतात आणि तपासणी राहून जाते.

समजा क्रिएटिनिन १.२ होतं आणि १.५ झालं. ही वाढ २५ टक्के. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेकदा चालवून घेतली जाते; घाबरून गोळी फेकायची नाही. पण तेच २.१ झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दोन्ही धमन्या अरुंद असण्याची किंवा एकच किडनी काम करत असल्याची शक्यता असते. पोटॅशियम वाढलं तरी वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, कारण त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

दिवस राहायची शक्यता असेल तर ही औषधं गर्भाला घातक आहेत. डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे गोळी बदलून मिळेल.

घरातल्या घरात होणारे घोळ

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवते आणि बीपीही चढवते. जुलाब-उलट्या लागल्या असताना रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवीची गोळी तशीच चालू ठेवली, तर किडनी एकदम बसू शकते. अशा वेळी कुठली गोळी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

सैंधव मिठातही सोडियमच असतं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, ते या गोळ्यांसोबत विचारल्याशिवाय नको. पापड, लोणचं, फरसाण कमी केलं तर जास्त फायदा. आणि तंबाखू सोडायचा तर मिश्रीही सोडा, तीही तंबाखूच.

स्टेंटनंतर गोळ्या बंद करणं

धमनी मोकळी झाल्यावर सुरुवातीला बीपी बरंच खाली येऊ शकतं, म्हणून त्या दिवसांत रोज मोजा आणि चक्कर आली तर कळवा. मात्रा कमी करावी लागेल, पण ती डॉक्टर करतील. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी मनाने सोडू नका. काही महिन्यांनी बीपी पुन्हा चढायला लागलं तर नुसती गोळी वाढवून घेऊ नका, डॉपलर परत करा. स्टेंटच्या आतही धमनी पुन्हा अरुंद होते.