फिएरोच्या गिअर केबल: जुनी गाडी घेणाऱ्या नवख्यांसाठी

मिशिगनला एमएसला किंवा पहिल्या नोकरीला आलेली आपली मुलं जरा स्थिरावली की हमखास विचारतात, खिशाला परवडेल अशी जुनी स्पोर्ट्स कार कुठली घेऊ? मी बहुतेक वेळा पॉन्टिॲक फिएरोचं नाव घेतो. दोन सीटची, इंजिन पाठीमागे, दिसायला झोकदार आणि अजून तरी आवाक्यातली. मात्र मॅन्युअल गिअरची घेणार असाल तर सौदा करण्याआधी गिअर केबलचं, म्हणजे गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या तारांचं, प्रकरण समजून घ्या. ब्रेक पॅड, बेअरिंग, वॉटर पंप हे सगळं मिळतं. अडतं ते केबलपाशी.

फिएरो 1984 ते 1988 या मॉडेल वर्षांत निघाली, तीही इथल्याच पॉन्टिॲक शहरात. एकूण 3,70,168 गाड्या झाल्या, म्हणजे तशी ती दुर्मीळ नाही. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी जनरल मोटर्सने आपल्याच इतर गाड्यांचे भाग तिच्यात वापरले. 1987 पर्यंत पुढचं सस्पेन्शन शेव्हेटवरून घेतलेलं होतं. मागचं सायटेशनचं, आणि तेसुद्धा त्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन उचलून मागे बसवलेलं. त्यामुळे निम्मी गाडी दुसऱ्या गाड्यांच्या भागांवर चालते. पण गिअरचा दांडा पुढे आणि गिअरबॉक्स सीटच्या मागे, ही मांडणी कंपनीच्या त्या इतर गाड्यांत नव्हती. म्हणून केबल खास हिच्यासाठीच बनवाव्या लागल्या. 1988 मध्ये गाडी बंद झाली, 2010 मध्ये पॉन्टिॲक हे नावही गेलं. आता काउंटरवर पार्ट नंबर सांगितला की ‘डिस्कंटिन्यूड’ एवढंच उत्तर मिळतं.

बजाज चेतक चालवलेल्यांना दोन गिअर वायरी ठाऊक असतात. एक वायर एका दिशेला ओढते, दुसरी उलट दिशेला. फिएरोतही केबल दोनच, पण काम वेगळं. एक दांड्याची पुढे-मागे हालचाल नेते, तिला शिफ्ट केबल म्हणतात. दुसरी डावी-उजवी हालचाल नेते, ती सिलेक्ट. दोन्ही ओढतातही आणि ढकलतातही. ढकलायचं म्हणजे आतली तार वाकून चालत नाही. म्हणून ती जाड असते, तिच्याभोवती प्लास्टिकचं गुळगुळीत अस्तर असतं, त्यावर लांबट पिळाच्या पोलादी तारांचं आवरण आणि सगळ्यांत वर प्लास्टिकची साल. स्कूटरच्या वायरीचं बाहेरचं आवरण स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. ते दाब सोसतं, ताण नाही. त्यामुळे ‘नाना पेठेतून वायर आणून सोल्डर मारू’ हा पुणेरी उपाय इथे लागू पडत नाही.

गिअर नीट पडत नाही म्हणून लगेच केबल शोधायला धावू नका. दांडा ढिला लागतो, गिअर सापडत नाही, पण ताकद लावावी लागत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेकदा केबलच्या टोकाच्या डोळ्यातला (पिनवर बसणाऱ्या गोल कडीतला) बुश, म्हणजे आतली छोटी नळी, झिजलेला असतो. बुश स्वस्त असतो आणि मिळतोही. मग केबलचं आवरण धरून ठेवणारा गिअरबॉक्सवरचा ब्रॅकेट बघा. एकाने आत बसून दांडा हलवायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून ब्रॅकेट वाकतो का ते पाहायचं. इंजिन धरून ठेवणारा हाडाच्या आकाराचा टॉर्क स्ट्रट असतो, त्याचं रबर गेलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन डोलतं आणि केबल खेचली जाते. हे सगळं ठीक असूनही दांडा जड लागत असेल, तर दोन्ही टोकं सोडवून आतली तार हाताने पुढे-मागे करा. अडत, खरवडत सरकली तर केबल गेली. आत पाणी शिरून गंज धरलेला असतो किंवा एक्झॉस्टच्या धगीने अस्तर वितळलेलं असतं. तेल सोडून ती बरी होईल या आशेवर राहू नका. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही, उलट त्यावर धूळ चिकटून बसते.

आता शोधाशोध. जंकयार्डमध्ये फिएरो दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. त्यांतल्या कितीतरी ऑटोमॅटिक असतात, त्यांची केबल आपल्या कामाची नाही. मॅन्युअल असली तरी मन्सीचा 4-स्पीड, इसुझूचा 5-स्पीड आणि व्ही6 बरोबर आलेला गेट्राग डिझाइनचा 5-स्पीड असे वेगवेगळे गिअरबॉक्स आहेत, आणि केबल सरसकट अदलाबदल करून चालत नाहीत. विकणाऱ्याला गाडीचं वर्ष विचारून भागत नाही, गिअरबॉक्सचा फोटो मागा. आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो. मिशिगनचीच गाडी असेल तर तिच्या केबलवर रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचे हिवाळे गेलेले असतात. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातून आलेला माल मला जास्त भरवशाचा वाटतो. खोक्यातली न वापरलेली जुनी केबल मिळाली तर छानच, पण तिचंही अस्तर तेवढ्याच वयाचं असतं. आधी हाताने सरकवून बघा, मगच पैसे द्या. काही छोटे विक्रेते अधूनमधून नव्या केबल करवून घेतात. तो माल संपला की पुढचा केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून मिळेल तेव्हा जोडीच घेऊन ठेवावी.

काहीच मिळालं नाही तर केबल बनवून घ्यायची. अमेरिकेत बोटी, ट्रॅक्टर आणि जुन्या ट्रकसाठी पुश-पुल केबल बनवणारे कारखाने आहेत, ते नमुन्यावरून एखाददुसरीही करून देतात. इथे जुनी केबल हेच तुमचं ड्रॉइंग. ती तुटकी असली, गंजलेली असली तरी नवी बसून गाडी चालेपर्यंत फेकायची नाही. कारखान्याला पाठवायची झाली तरी आधी स्वतः मापं घेऊन ठेवा.

मापं अशी घ्यायची. केबल टेबलावर सरळ पसरा. जिथे ब्रॅकेटची क्लिप बसते त्या दोन खाचांमधलं अंतर हे आवरणाचं माप. मग तार एका बाजूला पूर्ण ढकला आणि दोन्ही टोकांना खाचेपासून डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. आता उलट बाजूला पूर्ण ओढून पुन्हा तेच. एकाच टोकाच्या दोन मापांतला फरक म्हणजे तारेची चाल. दोन्ही टोकांच्या मापांची बेरीज दोन्ही वेळेला सारखी यायला हवी. येत नसेल तर कुठेतरी तार आत वाकली आहे किंवा टेप चुकीच्या जागी धरली आहे. तार जाम असेल तर ही मापं गाडीत, दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून घ्यावी लागतात. डोळ्याचं माप घेताना झिजलेल्या बुशचं भोक मोजण्यात अर्थ नाही, गिअरबॉक्सच्या लिव्हरवरची पिन व्हर्नियरने मोजा. दोन टोकांचे डोळे एकमेकांशी कुठल्या कोनात आहेत ते कागदावर काढा आणि खाचेची रुंदीही लिहा. माझी पहिली बनवून आणलेली केबल लांबीला तंतोतंत होती, पण कारखान्याने खाच रुंद कापली होती. क्लिपमध्ये आवरणच मागे-पुढे होई, म्हणजे नव्या केबलला जुनाच ढिलेपणा. मापं माझ्याकडे लिहिलेली होती म्हणून त्यांनी फुकट बदलून दिली.

बोटींच्या दुकानात 33सी नावाची तयार केबल मिळते. टोकांना 10-32 या मापाचे आटे आणि सुमारे 3 इंचांची चाल. तिच्यावरून जुगाड करणारे आहेत. पण दोन्हीकडचे ब्रॅकेट नव्याने करावे लागतात. वेल्डिंग येत नसेल तर या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

जुनी काढण्यापूर्वी ती कुठून कशी वळते याचे भरपूर फोटो काढा. कन्सोल उघडून पुढचं टोक सोडवलं की त्याला मजबूत सुतळी बांधा, वर टेप गुंडाळा आणि केबल मागून इंजिनच्या बाजूने ओढून घ्या. केबल निघते, सुतळी तिच्या वाटेवर राहते. नवी केबल त्याच सुतळीने परत आत खेचायची. दोन सीटच्या मधल्या बोगद्यात या गाडीची पेट्रोलची टाकी आहे. तिथे क्लॅम्प बसवायला म्हणून ड्रिल लावायचा नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी. केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पार्टिशनमध्ये केबलच्या भोकात बसणारा रबरी ग्रोमेट नवा घाला, नाहीतर इंजिनची धग आणि वास दोन्ही केबिनमध्ये येतात. एक्झॉस्टजवळचं पत्र्याचं कवच बऱ्याच गाड्यांवरून गायब झालेलं असतं. ते बनवून बसवा किंवा तेवढ्या भागावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. वळणं मोठी ठेवा, इंजिन डोलेल तेवढी ढील सोडा आणि झिप टाय करकचून आवळू नका.

जोडणी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच करायची. 4-स्पीडमध्ये गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या दांड्याच्या भोकात 5/32 इंचाचं ड्रिल बिट घालून तो जागेवर अडकवतात आणि मग गिअरबॉक्सकडचे, मागचे नट आवळतात. अंदाजाने केलं तर चारही गिअर पडतील आणि रिव्हर्स रुसेल. गाडी अजून स्टँडवर असताना, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा.

हँडब्रेकची केबल त्या मानाने सोपी. ती फक्त ओढते, त्यामुळे बनवूनही सहज मिळते. मात्र तिची टोकं दाबून बसवलेलीच हवीत, स्क्रूने आवळलेली नकोत. कॅलिपरवरचा लिव्हर गंजून अडकला असेल तर नव्या केबलने काही होत नाही, आधी तो मोकळा करा.

ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या, म्हणजे डेट्रॉइटजवळ भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या, आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. त्या दिवसांत केबलवाले, वेल्डर, मित्र, सगळेच आपापल्या गाड्यांखाली असतात. आणि पहिली लांब चक्कर झाली की इंजिन गरम असतानाच एक्झॉस्टच्या बाजूची साल मऊ पडली आहे का, चकाकते आहे का ते बॅटरी मारून बघा, मागचे नट पुन्हा आवळून घ्या. कन्सोलचे स्क्रू त्यानंतर लावा.