ग्राफिक्स कार्डाआधी कॅमेरा सांगा

लग्नाच्या व्हिडिओंवर माझं घर चालतं, त्यामुळे लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की ओळखीतले मलाच फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, कॅमेरा कुठला आहे?

खरी गोम तिथेच आहे. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये (म्हणजे रंगाचे जास्त बारकावे ठेवून) एच.२६५ या घट्ट दाबलेल्या प्रकारची फाइल देतात. ती उलगडायचं काम इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक (व्हिडिओसाठीचा खास भाग) सहज करतं; एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना ते जमतच नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हळदीच्या क्लिप टाइमलाइनवर टाकल्या की चित्र अडखळायचं, सनई पुढे पळायची. महागडं कार्ड आत नुसतं बसून! शेवटी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवत रात्री काढल्या.

म्हणून पैसे बेताचे असतील तर इंटेलचा 'एच' (लॅपटॉपसाठीचा जास्त ताकदीचा) प्रोसेसर बघा, कार्ड ४ जीबीचं साधं चालेल. रॅम १६ जीबी, शक्यतो ८-८च्या दोन पट्ट्या. एसएसडी ५१२ जीबीची घ्या, पण दुसरा एम.२ स्लॉट (आणखी एक एसएसडी बसवायची जागा) रिकामा आहे ना, हे विचाराच.

स्क्रीनबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. '४५ टक्के एनटीएससी' (म्हणजे कमी रंग दाखवणारी) असेल तर नवरीचा लाल शालू विटकरी दिसतो. तुम्ही रंग चढवता, आणि तिच्या घरच्या टीव्हीवर तो डोळ्यांत खुपतो. १०० टक्के एसआरजीबी (नेहमीच्या रंगांचा पूर्ण पट्टा दाखवणारी) स्क्रीन बजेटात बसत नसेल, तर घरी एक साधा आयपीएस (रंग नीट दाखवणाऱ्या पॅनेलचा) मॉनिटर जोडा आणि रंगाचं काम त्यावरच करा.