मोडी कागदांत पाऊस शोधताना

जुन्या दुष्काळांवर काम करायचं म्हणून मी कृषी शाखेतून उठून पुण्याच्या पेशवे दफ्तरात गेले आणि पहिल्याच कागदावर अडले. म्हणून आधी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची ही लिपी, शिका. हात न उचलता लिहिलेली अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. रोज एक पान उतरवत राहिलं तरच डोळा बसतो.

मग सन. इथे मी तोंडावर आपटले. फसली सनात, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाच्या जुन्या वर्षगणनेत, ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, पण फसली वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, लागतं. जानेवारी ते मेमधल्या कागदाला ५९१ मिळवा. माझा अख्खा तक्ता वर्षभराने सरकला होता! सुहूर सन, म्हणजे कागदांत भेटणारी दुसरी जुनी वर्षगणना, असेल तर याच हिशेबाने ५९९ किंवा ६००.

धान्याचे आकडे लगेच किलोत बदलू नका. २० मणांची खंडी खरी, पण मणच जागोजागी वेगळा. मूळ माप तसंच ठेवा, शेजारी गावाचं नाव लिहा.

पेन्सिलच न्या. आणि 'तगाई' (शेतकऱ्याला सरकारी कर्ज), 'सूट' (साऱ्यातली माफी) असे शब्द दिसले की थांबा. पाऊस हुकल्याची बातमी बऱ्याचदा शेतसाऱ्याच्या हिशेबातच दडलेली असते.