नर्व्ह पाठ आहे, मग व्हायवा का अडते? फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी या चुका टाळा

बारावीला जीवशास्त्रात भरघोस गुण घेतलेली मुलंही फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत (शरीररचनाशास्त्रात) गटांगळ्या खातात. कारण बहुधा एकच: अभ्यास बारावीच्याच पद्धतीने चालू असतो. ओळी पाठ, आकृती पाठ, झालं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक 'का?' विचारतात आणि गाडी तिथेच अडते.

पहिली चूक, आकृतीवरून हाड शिकणं. पुस्तकात ह्युमरस (दंडाचं हाड) कायम एकाच बाजूने दिसतो. टेबलावर तो आडवा पडलेला असतो आणि पहिला प्रश्न येतो, 'डावा की उजवा?' हाड हातात घ्या. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला, ऑलेक्रेननचा, म्हणजे कोपराचं टोक बसतं तो, खळगा मागे. एवढं जुळवलं की बाजू कळते. मग ते स्वतःच्या दंडाशेजारी धरा. बोन सेट विकत घ्यायलाच हवा असं नाही, सिनिअरकडून मागून आणला तरी भागतं. पण तो रोज हाताळला गेला पाहिजे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. 'रेडियल नर्व्ह (हातातला एक मज्जातंतू) म्हणजे रिस्ट ड्रॉप (लोंबणारं मनगट)' अशा जोड्या घोकणं. समजा, दंडाचं हाड मध्यावर मोडलं आणि स्पायरल ग्रूव्हमध्ये, म्हणजे त्या हाडावरच्या तिरक्या खाचेत, ही नर्व्ह दुखावली. मनगट लोंबतं, तरी रुग्ण कोपर बऱ्यापैकी सरळ करू शकतो. का? ट्रायसेप्सला (कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला) जाणाऱ्या बऱ्याच फांद्या त्या खाचेच्या वरच फुटलेल्या असतात. हीच नर्व्ह काखेत दबली तर मात्र ट्रायसेप्सही कमजोर होतो. ज्याने नर्व्हचा मार्ग काखेपासून बोटांपर्यंत कागदावर काढला आणि प्रत्येक फांदी कुठे फुटते ते लिहिलं, त्याला हे पाठ करावं लागत नाही. ब्रेकियल प्लेक्ससही (मानेतून हाताकडे येणारं नर्व्हचं जाळं), सी५ ते टी१ या मुळांपासून, असाच कोऱ्या कागदावर काढत राहा. आधी चुकेल, चुकू द्या.

फिजिओलॉजीत (शरीरक्रियाशास्त्रात) घोटाळा होतो तो आकड्यांचा. एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणून कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त) साधारण ५ लिटर; हे सगळ्यांना येतं. पण खूप दिवस अंथरुणावर असलेल्या रुग्णाला उभं केलं की चक्कर का येते? साखळी लिहून बघा: रक्त पायांत साठतं, हृदयाकडे परत कमी येतं, ठोक्यामागे कमी बाहेर पडतं, रक्तदाब घसरतो, मानेतल्या कॅरॉटिड सायनसला (धमनीच्या रक्तदाब ओळखणाऱ्या भागाला) ते कळतं, ठोके वाढतात. ज्या कडीवर 'मग?'चं उत्तर सुचत नाही, तिथे तुमचा अभ्यास कच्चा. पुढे वॉर्डात रुग्णाला उभं करायचं काम तुमच्याकडेच येणार आहे.

प्रॅक्टिकलला बीपी चुकतं ते किरकोळ गोष्टींनी. कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) दंडाला लहान असेल, हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत असेल किंवा रुग्ण बोलत असेल, तर आकडा वाढून येतो. उलट, नाडी न चाचपता थेट स्टेथोस्कोप लावला तर वरचा आकडा कमीही येऊ शकतो, कारण काहींच्या बाबतीत आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा सुरू होतात. म्हणून आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी झाली की आणखी ३० मिलिमीटर वर न्या आणि मग ऐकत खाली या.

बायोकेमिस्ट्री परीक्षेच्या आठवड्यासाठी ठेवू नका, एवढंच.

मराठी माध्यमातून आलेल्यांची वेगळी अडचण असते. समजलेलं असतं, इंग्रजीत तोंडातून निघत नाही. समजून खुशाल मराठीतच घ्या, पण उत्तर मोठ्याने इंग्रजीत बोला. रूममेटच्या हातात हाड द्या, प्रश्न त्याला विचारू द्या. तो इंजिनीअरिंगचा असला तर अधिक बरं, तो काहीच गृहीत धरणार नाही.