समोरचाही चित्रच काढतोय: शाईतलं झटपट व्यक्तिचित्र

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेपर्यंत पेन्सिल आणि जलरंग हाताखालून गेलेले असतात, शाई मात्र बहुतेकांना नवी असते. तिचा सराव गावात बसूनही होतो. मॉडेल म्हणून चित्र काढणारा सोबती घ्या. तो तुमचं काढेल, तुम्ही त्याचं. ओसरीवर चार-पाच फुटांवर समोरासमोर बसा आणि मोबाईलवर दहा मिनिटं लावा.

सामान थोडंच: काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, 130 ते 150 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कार्ट्रिज कागद, 6 नंबरचा गोल ब्रश आणि बोरू, म्हणजे काडीची लेखणी. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते. ही शाई फाउंटन पेनात भरू नका, आत वाळली की पेन कामातून गेलं. बोरू विकत कशाला घ्यायचा? गडचिरोली-चंद्रपूरकडे बांबूला काय तोटा! पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, वाळलेली काडी घ्या. टोक तिरपं कापून दोन मिलिमीटर रुंद ठेवा आणि मधोमध सेंटिमीटरभर चीर द्या. चीर नसली की शाई टोकाला थांबत नाही, थेट ठिपका पडतो.

खरी अडचण पुढे आहे. सोबती सारखा खाली-वर बघणार. नवखे या दोन्ही मुद्रा एकाच चेहऱ्यात घालतात: डोकं वाकलेलं, डोळे समोर. तो कागदाकडे बघतो तीच मुद्रा धरा. मान वर झाली की बोरू कागदावरून उचला आणि थांबा. ती परत खाली येतेच, आणि जवळपास त्याच कोनात.

डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर, हा नियम सरळ चेहऱ्याचा. वाकलेल्या डोक्यात ते निम्म्याच्या खाली उतरतात, टाळू मोठी दिसते, कान वर चढतात, नाकाचा शेंडा ओठावर येतो. डोळा म्हणजे पापणीची एक रेघ. तिथे बुबुळ काढलंत की चित्र फसलं.

पहिली रेघ मानेपासून खांद्यापर्यंत, मग टाळूची कमान, पापण्या, नाक आणि पेन्सिल धरलेली मूठ. डोक्याला दुपट्टा बांधला असेल तर गाठ तेवढी ठसठशीत करा, सगळ्या चुण्या मोजत बसू नका. रेघा वाळल्यावर हनुवटीखाली एका भागाला चार भाग पाणी घातलेल्या शाईचा एकच हात फिरवा. चुकलेली रेघ खरडू नका, बरोबर रेघ शेजारी ओढा.

मे महिन्यात शाई टोकावरच वाळते. दर पाच-सात रेघांनी बोरू पाण्यात बुडवून पुसा. आणि कूलरसमोर बसू नका: कागद सादळतो, मग चांगल्या कागदावरही रेघ फुटते.